ड्रॅगनची बरणी रंगवताना या चुका टाळा

कोरियातल्या जोसन राजघराण्याच्या काळातल्या निळ्या-पांढऱ्या बरण्यांचे फोटो पाहून लोक येतात आणि पहिल्याच दिवशी ब्रश मागतात. मी आधी सरावाला तुटकी फरशी हातात देते. चेहरे पडतात. पडू देत.

सगळ्यात जास्त बरण्या वाया जातात त्या कोबाल्टचा, म्हणजे निळ्या रंगाचा, दुसरा हात दिल्यामुळे. भाजण्याआधी हा रंग निळा दिसतच नाही, काळपट राखाडी दिसतो. त्यात बिस्क (एकदाच भाजलेलं कोरं भांडं) पाणी ओढून घेतं, रेघ फिकी वाटते आणि हात शिवशिवायला लागतात. मीही हेच केलंय. कोरियात इचॉन या कुंभारकामाच्या गावी शिकत असताना बाई जेवायला गेल्या होत्या. तेवढ्यात मी ड्रॅगनच्या पोटावरच्या खवल्यांना आणखी एक हात दिला. भट्टी उघडली तर पाय, शेपटी सुरेख निळी आणि पोट डांबरासारखं काळं. ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, ठिकठिकाणी मागे सरकलेलं, बोटाला खरखरीत लागणारं. बाई काही बोलल्या नाहीत. बरणी उचलून त्यांनी दाराशी ठेवली, छत्र्या ठेवायला. दोन पावसाळे मी तिच्यातच छत्री ठेवली.

तेव्हापासून मी तीन वाट्या ठेवते: पातळ, मध्यम, दाट. प्रत्येकीची रेघ खापरीवर ओढून त्याच भट्टीत भाजते. जोसन काळात सोलजवळच्या ग्वांगजूच्या सरकारी भट्ट्यांवर रंगवायला दरबारी चित्रकार जायचे. कोबाल्ट चीनमार्गे यायचा, महाग असायचा, त्यांना तो असा फासणं परवडलंच नसतं. सतराव्या शतकात युद्धांनंतर कोबाल्टची टंचाई झाली, तेव्हा ड्रॅगन लोहाच्या तपकिरी रंगात आले. त्यांना कमी लेखू नका. त्यातली एक बरणी १९९६ मध्ये न्यूयॉर्कला ८० लाख डॉलरहून जास्त किमतीला गेली.

दुसरी चूक जागेची. डोकं हौसेनं मोठं काढायचं आणि फेरी पूर्ण होताना शेपटीला जागाच नाही. मग ढग घुसडायचे. पोटाभोवती दोरा गुंडाळा, त्याच्या चार घड्या करा, पेन्सिलीने खुणा करा. पेन्सिल भट्टीत जळून जाते, पुसत बसू नका.

नखं मोजून काढा. पाच नखं राजाची, पण तीन-चार नखांचेही भरपूर ड्रॅगन आहेत. चिनी फोटोवरून उतरवू नका. तळाशी चिनी पद्धतीचा सहा अक्षरी राजशिक्का तर नकोच.

मोठी बरणी दोन वाडगे जोडून होते. पोटावरचा सांधा घासून गुळगुळीत करायचा अट्टहास सोडा, जुन्या बरण्यांतही तो कळतो. बुडाचं ग्लेझ पुसा, नाहीतर बरणी भट्टीतल्या फळीला चिकटेल. ग्लेझ ब्रशने लावू नका, रंग फिसकटतो.

आणि वाळला का म्हणून बोट लावून बघू नका. माझ्याकडे एका ड्रॅगनच्या मानेवर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा आहे, १२८० अंशांना पक्का भाजलेला.