बॉक्स टर्टलची पिल्लं घरात वाढवताना: आधी ओलावा, मग दिवे

ईस्टर्न बॉक्स टर्टल या कासवाचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा जेमतेम 3 सेंटिमीटर लांब आणि 7 ते 10 ग्रॅम वजनाचं असतं. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या जंगलांत ही पिल्लं सुरुवातीची काही वर्षं ओल्या पाचोळ्याखाली दडूनच काढतात, मोठ्या कासवांसारखी उघड्यावर भटकत नाहीत. घरात वाढवतानाही हेच धरून चालायचं. घरातली बरीच पिल्लं दगावतात ती थंडीने नव्हे, सुकून.

आधी कायद्याचं बघा. अंगणात किंवा जंगलात सापडलेलं पिल्लू घरी आणू नका, तिथेच पाचोळ्याखाली सोडा. अमेरिकेत अनेक राज्यांत ही कासवं जंगलातून धरायला मनाई आहे, काही ठिकाणी पाळायलाही परवाना लागतो. 4 इंचांपेक्षा लहान कवचाचं कासव पाळण्यासाठी विकायला 1975 पासून देशभर बंदी आहे, कारण साल्मोनेला (कासवांकडून माणसांना होणारा जंतुसंसर्ग). म्हणजे पुढची माहिती प्रामुख्याने त्यांच्यासाठी, ज्यांच्या कायदेशीर पाळलेल्या जोडीने अंडी दिली आहेत. भारतात असाल तर हा प्राणी साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) यादीतला आहे, त्यामुळे वन्यजीव कायद्याखाली नोंदणी हवीच.

नुकत्याच निघालेल्या पिल्लाच्या पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी लटकलेली असते. ती ओढू नका, कापू नका. छोट्या डब्यात ओला पेपर टॉवेल अंथरून पिल्लाला त्यावर ठेवा. काही दिवसांत बलक आत शोषला जातो आणि फट मिटते. त्याआधी मातीत सोडलं तर पिशवी फाटून जंतुसंसर्ग होऊ शकतो.

घर म्हणून 60 बाय 40 सेंटिमीटरचा, 30 सेंटिमीटर उंचीचा अपारदर्शक प्लास्टिकचा टब दोन पिल्लांना पुरतो. काचेची टाकी असेल तर बाहेरून कागद लावा, नाहीतर पिल्लू दिवसभर काचेला धडका देत राहतं. तळाशी 8 ते 10 सेंटिमीटर भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), अर्ध्या भागावर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) आणि सगळ्यावर ओकच्या सुक्या पानांचा जाड थर, कीटकनाशक न मारलेल्या जागेतून आणलेला. वाळू नको. देवदाराचा किंवा पाइनचा भुसा तर अजिबात नको.

ओलावा मुठीने तपासा: तळातलं कोकोपीट दाबल्यावर गोळा व्हायला हवा, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे रोज वरवर स्प्रे मारणं. त्याने पानं ओली दिसतात आणि तळ कोरडाच राहतो, आणि पिल्लू तर तळातच शिरतं. त्यापेक्षा दर तीन-चार दिवसांनी टबाच्या कोपऱ्यातून थोडं पाणी थेट तळाशी ओता, स्प्रे वरून वेगळा. मात्र चिखल झाला तर पोटाखालचं कवच सडू लागतं, म्हणून एक बाजू जास्त ओली आणि दुसरी नुसती दमट ठेवा. स्प्रिंगटेल आणि लहान आयसोपॉड (कुजका पाचोळा खाणारे इवलेसे जीव) मातीत सोडले तर बुरशी आटोक्यात राहते आणि पिल्लाला येताजाता खाऊही मिळतो.

उबेच्या कोपऱ्यात 28 ते 29 अंश सेल्सिअस, थंड बाजूला 22 ते 24, रात्री 20 च्या खाली नाही. उष्णता वरूनच द्या, थर्मोस्टॅटला जोडलेल्या सिरॅमिक हीटरने. टबाखाली हीट पॅड लावू नका. पिल्लाला गरम झालं की ते गारवा शोधत खाली उकरतं, आणि खाली पॅड असेल तर तिथेच भाजतं. 5 टक्के यूव्हीबीची (उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार) टी5 ट्यूब, म्हणजे बारीक ट्यूबलाइट, पाचोळ्यापासून 30 ते 40 सेंटिमीटरवर, दिवसाला 12 तास लावा. काच किंवा प्लास्टिक मध्ये आलं तर यूव्हीबी जवळपास पोचतच नाही, त्यामुळे खिडकीतलं ऊन त्याची जागा घेऊ शकत नाही. ट्यूब पेटती दिसली तरी वर्षाने बदला, कारण यूव्हीबी आधीच घटलेला असतो.

पाण्यासाठी कुंडीखालची मातीची खरखरीत बशी वापरा, काठ मातीशी समपातळीत. पाणी पिल्लाच्या हनुवटीपर्यंत, साधारण 1 सेंटिमीटर. खोल भांड्यात उलटं पडलेलं पिल्लू बुडून मरतं. शिवाय आठवड्यातून तीन-चारदा वेगळ्या डब्यात कोमट पाण्यात 15 ते 20 मिनिटं बसवा. तेव्हा ते पाणी पितं आणि बहुधा शी करतं, त्यामुळे पोट कसं आहे हेही कळतं.

खाण्याच्या बाबतीत घाबरून जाऊ नका. बलक पोटात असेपर्यंत पहिला आठवडाभर पिल्लू तोंडही लावत नाही. नंतर रोज सकाळी स्प्रे मारून खायला ठेवा: गांडुळाचे पिल्लाच्या डोळ्याएवढे तुकडे, छोटे आयसोपॉड, बारीक क्रिकेट (रातकिडे), नुकतीच कात टाकलेली पांढरी मीलवर्म (एका भुंग्याची अळी). हलणारं भक्ष्य पाहिल्याशिवाय बरीच पिल्लं खातच नाहीत. काजवे चुकूनही देऊ नका, त्यांच्यातल्या काही जातींचं विष सरपटणाऱ्या प्राण्यांचा जीव घेतं. भाजीफळांकडे पिल्लं ढुंकूनही बघत नाहीत, पण सवय लागायला हवी, म्हणून उकडलेलं रताळं किंवा लाल भोपळा कुस्करून त्यात गांडुळाचे तुकडे घोळवा. फॉस्फरस नसलेली कॅल्शियम पावडर चिमूटभर, आठवड्यातून तीनदा. टबात समुद्रफेनाचा चुराही ठेवा.

दर आठवड्याला 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. पिल्लू सदानकदा पाचोळ्यात असल्यामुळे बिघाड नजरेपेक्षा काट्यावर आधी दिसतो. सलग दोन आठवडे वजन उतरलं तर आधी तळातला ओलावा आणि तापमान तपासा, मग सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जा. सुजून मिटलेले डोळे किंवा डोळ्यामागे कानाच्या जागी आलेली गाठ यामागे बहुतेकदा अ जीवनसत्त्वाची कमतरता असते. घरच्या घरी डोस देऊ नका, जास्त झाला तर कातडी सोलवटते. नाकातून बुडबुडे येणं किंवा तोंड उघडं ठेवून श्वास घेणं हे श्वसनाच्या संसर्गाचं लक्षण, तिथे थांबायला वेळ नाही. नवजात कवच थोडं दबतं, ते नैसर्गिक आहे. महिने उलटूनही मऊच राहिलं तर कॅल्शियम किंवा यूव्हीबी कमी पडतंय. दोघांपैकी एकाच्या शेपटीवर किंवा बोटांवर चाव्याच्या खुणा दिसल्या की त्याच दिवशी वेगळे टब करा.

पोटाच्या कवचाची बिजागरी या वयात चालत नाही, पिल्लू स्वतःला बंद करू शकत नाही. म्हणून टबावर जाळी हवीच, घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर विशेषच. पिल्लाला हात लावल्यावर आपले हात साबणाने धुवा, टबची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात पिल्लू देऊ नका.

अमेरिकेतल्या हिवाळ्यात घराच्या हीटिंगने हवा एकदम कोरडी होते. तेव्हा यूव्हीबी ट्यूब आणि हीटरखालचा भाग सोडून जाळीचा दोन-तृतीयांश भाग प्लास्टिकने झाका आणि तळातला ओलावा एक दिवसाआड तपासा. पहिल्या हिवाळ्यात शीतनिद्रा देऊ नका, तेवढा साठा अंगात नसतो. कवच 7 सेंटिमीटरच्या आसपास गेलं की 90 बाय 45 चा टब घ्या आणि जुन्या टबातला निम्मा पाचोळा, त्यातल्या आयसोपॉडसकट, नव्यात घाला.