फॉग कॅनन भाड्याने घेण्याआधी एक ड्रम भरून बघा

बांधकामाच्या साइटवर धूळ उडते म्हणून थेट मोठी फॉग कॅनन (पाण्याचं बारीक धुकं लांब फेकणारं यंत्र) मागवली जाते, आणि पाणी पुरत नाही म्हणून ती दोन दिवसांत ताडपत्रीखाली जाते. बांधकामाची धूळ रोखण्यासाठीच्या मुंबई महापालिकेच्या २०२३च्या नियमांनंतर तर नुसती दाखवायला उभी केलेली यंत्रंही दिसतात.

१. आधी दुपारी, जमीन कोरडी असताना, साइटवर फिरून धूळ नेमकी कुठून उठते ते बघा. बहुतेक वेळा डंपरचा रस्ताच निघतो. त्याला कॅनन नको. टँकर किंवा कडेचे स्प्रिंकलर पुरतात.

२. तोडफोड किंवा खडी-वाळू उतरवताना हवेत तरंगणारी बारीक धूळ असेल, तरच कॅनन. मोठे थेंब ती धूळ खाली बसवत नाहीत, बाजूला ढकलतात. तिथे धुकंच लागतं.

३. आता २०० लिटरचा ड्रम साइटच्या पाइपखाली ठेवा, मोबाइलवर वेळ लावा. चार मिनिटांत भरला तर मिनिटाला ५० लिटर पाणी आहे. यंत्राची गरज याहून जास्त असेल, तर लहान यंत्र घ्या किंवा साठवण टाकी लावा.

४. डेमो आपल्याच साइटवर, आपल्याच पाण्यावर मागा. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार नोझलला धरतो. फिल्टर सोबत येतो का, तेही तेव्हाच विचारा.

कॅननचं तोंड फिरवताना सिमेंटचा साठा आणि उघडं वायरिंग फवाऱ्यात येणार नाही याची खात्री करा.