जवसाच्या तेलाचं रोगण, दारं-खिडक्यांसाठी

तेल जवसाचंच हवं (इकडचा, बेळगाव-खानापूरकडचा, कन्नड घाणेवाला त्याला अगसी म्हणेल). शेंगतेल महिनाभर उन्हात ठेवलं तरी चिकटच राहणार. तेल सुकतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात. ही कुवत आयोडीन अंकावरून (तेल किती आयोडीन धरतं त्याचं माप; जितकं जास्त तितकं चांगलं सुकणार) कळते: जवसाचा साधारण १७०च्या वर, शेंगतेलाचा ९०च्या आसपास. करडईचा १४०च्या आगेमागे, म्हणून ती चालते, पण सुकायला रडवते.

घाण्याच्या तेलात बुळबुळीत गाळ असतो. तो राहिला की रोगण पावसाळ्यात पाणी धरतं. १ लिटर तेलात अर्धा लिटर कोमट पाणी घालून बरणी हळू कलती करत राहा. जोरात घुसळलंत तर ताकासारखं होऊन बसेल. रात्रभर ठेवलं की तेल वर, पाणी खाली आणि मधे कापसासारखा पांढरा थर दिसतो. वरचं तेल नळीनं ओढून घ्या. असं तीनदा. मग निम्म्याच भरलेल्या पातेल्यात मंद आचेवर १०५ ते ११० अंशांपर्यंत तापवा. तडतड थांबली की पाणी गेलं. धूर दिसला तर आच जास्त झाली.

गार तेल स्टीलच्या परातीत अर्धं पेर खोल ओता. वर काच ठेवा, पण काड्यांचे टेकू देऊन, कारण हवा लागतेच. रोज ढवळून साय मोडा. मार्च-एप्रिलच्या उन्हात दोन ते चार आठवड्यांत मधासारखी धार पडते. दुपारी वळीव येण्याआधी परात आत.

पहिल्या हाताला २ भाग तेल, १ भाग टर्पेंटाइन. सागवानाचा स्वतःचा तेलकटपणा सुकणं अडवतो, म्हणून ते आधी टर्पेंटाइननं पुसा. फणसाला गरज नाही. चोळून लावा आणि वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढा. घाई इथेच नडते: जाड थराची वरची कातडी आधी सुकते, आतलं ओलं राहतं आणि सुरकुत्या पडतात. बोट चिकटेनासं झाल्यावरच पुढचा हात, एकूण तीन. खानापूरच्या बाजूला जूननंतर हे काम काढूच नका. पागोळ्या पडणाऱ्या चौकटीला दरवर्षी एक हात द्यावाच लागतो.

लवकर सुकावं म्हणून जुने लोक मुर्दाडशिंग घालत. ते म्हणजे शिशाचं ऑक्साइड, विषारी. पाळण्याला तर नकोच नको.

तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती तापतात आणि काडी न लावता पेटतात. पाण्याच्या डब्यात बुडवा, नाहीतर दोरीवर एकेक पसरून वाळवा.