चाकाआधी चूल: बिझेनमधली माझी उमेदवारी

जपानमधल्या इम्बे गावी पोचल्यावर पहिले तीन आठवडे मला मातीला हात लावायला मिळाला नाही. सकाळी अंगण झाडायचं, लाल पाइनची लाकडं रचायची आणि अकरा वाजले की स्वयंपाकघरात जाऊन ओकुसानच्या, म्हणजे सेन्सेईंच्या (माझ्या गुरूंच्या) पत्नीच्या, हाताखाली उभं राहायचं. माझं काम ठरलेलं होतं: भाजलेले तीळ रगडणं. ते सुरिबाचीत रगडायचे. सुरिबाची म्हणजे आतून बारीक खाचा असलेला, बिनझिलईचा, तपकिरी मातीचा वाडगा. मी इतक्या लांब कुंभारकाम शिकायला आले आणि हे काय करते आहे, असं रोज वाटायचं. आज कुणी मला जपानमध्ये मातीकाम शिकण्याबद्दल विचारलं, तर मी त्या तीन आठवड्यांपासूनच सुरुवात करते.

ओकायामा हे नाव पुणेकरांना परकं नाही. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेवरून बेतलं आहे, ती बाग ओकायामातली. मूळ बागेत भातखाचरं आहेत आणि चहाचा लहानसा मळाही आहे. जपानमध्ये चहाची गोडी लावणारा झेन भिक्षू एइसाई याच भागात ११४१ मध्ये जन्मला. ओकायामाहून आको लाइनच्या गाडीत बसलं की साधारण चाळीस मिनिटांत इम्बे येतं. घरांच्या मधूनच विटांची चौकोनी धुरांडी वर आलेली दिसतात. हेच बिझेन भांड्यांचं गाव.

बिझेनच्या भांड्याला झिलई देत नाहीत. भातखाचरांच्या खालून काढलेली हियोसे नावाची काळी, चिकट, लोहयुक्त माती वर्षानुवर्षं मुरवतात. मग भांडी सुमारे १२०० अंशांपर्यंत, आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडेसुद्धा, लाकडांवर भाजतात. रंग जो येतो तो राखेने आणि ज्वाळेने. उडालेली राख भांड्यावर वितळून ठिपके पडतात, त्यांना गोमा म्हणतात, म्हणजे तीळ. एका भांड्यावर दुसरं ठेवल्यामुळे झाकलेला गोल लालसर डाग राहतो, तो बोतामोची. वसंतात करतात त्या भात आणि गोड डाळीच्या गोळ्याचंही हेच नाव. भाताचा पेंढा गुंडाळून भाजलं की जिथे पेंढा टेकतो तिथे लाल रेघा उमटतात, ती हिदासुकी. ही नावं ऐकली आणि तीळ रगडण्यामागचं कारण मला थोडं कळू लागलं. या गावाने भट्टीची भाषा स्वयंपाकघरातून उचलली आहे.

'फेकली तरी फुटायची नाही अशी बिझेनची सुरिबाची' अशी जुनी म्हणच आहे. इथले कुंभार शतकानुशतकं शेतकऱ्यांसाठी सुरिबाच्या, रांजण आणि बरण्या करत होते. सोळाव्या शतकात चहाच्या विधीच्या जाणकारांना त्याच ओबडधोबड भांड्यांत सौंदर्य दिसलं आणि ती मिझुसाशी, म्हणजे चहाच्या खोलीतलं पाण्याचं भांडं, म्हणून आत आली. म्हणून माती, स्वयंपाक आणि चहा हे इथे तीन वेगळे अभ्यासक्रम समजू नका.

चौथ्या आठवड्यात चाकावर बसले. पुण्यात मी ज्या दिशेने चाक फिरवत होते त्याच्या बरोबर उलट, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, इथे चाक फिरतं. हाताला ते जमायला दोन महिने लागले, त्याचं फार मनावर घेऊ नका. खरी चूक पुढे झाली. मी भाताचे वीस वाडगे केले. आकार देखणे होते. सेन्सेई काही बोलले नाहीत. ओकुसानने त्यातला भाजून आलेला एक वाडगा उचलला, त्यात भात वाढला आणि माझ्या हातात दिला. मनगट भरून आलं. बुडाची कड बोटांत बसत नव्हती आणि काठ ओठाला बोचत होता.

आपल्याकडे ताट जागेवर असतं आणि हात ताटाकडे जातो. जपानमध्ये वाडगाच उचलून तोंडाजवळ नेतात. त्यामुळे वजन, बुडाच्या कड्याची उंची, काठाची जाडी या सगळ्याचा हिशेब वेगळा. शिवाय हियोसे माती भाजताना चांगलीच आकसते, म्हणून चाकावर भांडं मोठं दिसलं पाहिजे. हे मला वहीतून कळलं नसतं.

त्यानंतर मी ओकुसानकडे जास्त वेळ मागून घेतला. मार्च-एप्रिलमध्ये सावारा येतो. त्याची चित्रलिपी म्हणजे 'मासा' आणि 'वसंत' एकत्र. तो आपल्या सुरमईचाच भाऊबंद आहे, आणि पहिला तुकडा खाताना मला घराची फार आठवण झाली. मग ताकेनोको, बांबूचे कोंब. त्यांचा तुरटपणा आणि खवखव काढायला ते तांदळाच्या कोंड्यात आणि सुक्या मिरचीत उकळतात. शेवळांच्या भाजीत काकडं घालणाऱ्यांना यामागचं शहाणपण समजावून सांगावं लागत नाही. शरदात मामाकारी नावाचा लहान मासा व्हिनेगरमध्ये मुरवतात. नावाचा अर्थ 'भात उसना आणणे', कारण तो वाढला की घरातला भात संपतो आणि शेजारी जावं लागतं.

प्रत्येक पदार्थाला ओकुसान वेगळं भांडं काढायची. पण वाढण्याआधी एक गोष्ट नेमाने करायची: बिझेनची थाळी पाण्यात बुडवून ठेवायची. ओल्या थाळीचा रंग खुलतो आणि माशाचं तेल आणि वास मातीत शिरत नाही. कोरडी थाळी वाढायला घेणं तिला अन्नाचा अनादर वाटायचा.

भांडं आणि अन्न यांचं नातं सगळ्यात ठामपणे मांडणारा माणूस म्हणजे किताओजी रोसानजिन (१८८३–१९५९). १९२५ मध्ये तोक्योत त्याने होशिगाओका सार्यो हे भोजनगृह सुरू केलं. मनासारखी भांडी मिळेनात, म्हणून कामाकुराजवळ स्वतःची भट्टी उभारली. भांडी म्हणजे अन्नाचा किमोनो, असं तो म्हणे. १९५२ मध्ये तो शिल्पकार इसामु नोगुचीबरोबर इम्बेला येऊन कानेशिगे तोयो यांच्याकडे काम करून गेला. जुन्या बिझेनला नवा जीव देणारे तोयो १९५६ मध्ये 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणून गौरवले गेले. रोसानजिनच्या पसरट बिझेन थाळ्या पाहाच. त्यांच्यावर काय वाढावं हे थाळीच सांगते.

चहाच्या विधीचा वर्ग आठवड्यातून एकदा, गावातल्या एका आजींकडे. तिथे वर्षाचे दोन भाग आहेत. नोव्हेंबर ते एप्रिल जमिनीतली चूल, मे ते ऑक्टोबर वरची शेगडी. कडाक्याच्या थंडीत उंच, अरुंद चहाचा वाडगा, म्हणजे ऊब टिकते. उन्हाळ्यात पसरट, म्हणजे चहा लवकर निवतो. दाट चहा, कोइचा, रिकाम्या पोटी झेपत नाही, म्हणून आधी हलकं जेवण देतात, ते चाकाइसेकी. पहिल्या तबकात डावीकडे भात, उजवीकडे सूप आणि पलीकडे मुकोझुके. शब्दाचा अर्थच 'पलीकडे ठेवलेलं', आणि पदार्थाला व त्याच्या भांड्याला दोन्हीला तेच नाव. मीठ-लिंबू कुठे आणि भाजी कुठे हे ठरलेल्या घरात वाढलेल्या मला हा क्रम लगेच आपला वाटला. माझं मत विचाराल तर बिझेनने चहाच्या वाडग्याचा हट्ट धरू नये. खरखरीत अंगावर बांबूचं घुसळणं झिजतं. पाण्याचं भांडं, फुलदाणी आणि मुकोझुके यांत ही माती राज्य करते.

आता व्यवहाराचं. जपानी भाषा किमान एन-४ (जपानी भाषेच्या परीक्षेची खालून दुसरी पायरी) पर्यंत करून जा. परीक्षा पुण्या-मुंबईत होतात. गुरूकडे राहून पारंपरिक कला शिकण्यासाठी 'सांस्कृतिक कार्य' असा व्हिसा आहे, पण तो विनावेतन कामाचा असतो, म्हणून राहण्या-खाण्याचे पैसे आधी साठवा. गुरू ईमेलवर मिळत नाही. ऑक्टोबरमध्ये इम्बेत भांड्यांचा महोत्सव असतो, तेव्हा जा, भांडी हातात घ्या, विकत घ्या, बोला, आणि परत आल्यावर हाताने पत्र लिहा. थोड्याच काळासाठी जायचं असेल तर शिगाराकी या भांड्यांच्या दुसऱ्या गावातल्या सिरॅमिक पार्कमध्ये परदेशी कलाकारांना निवासी काम करता येतं. चहाच शिकायचा असेल तर क्योतोच्या उरासेंके शाळेत परदेशी विद्यार्थ्यांसाठी मिदोरिकाई हा विभाग आहे. शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी सांगा. साध्या भाजीच्या रश्शातही सुक्या माशाचं पाणी असतं. कोम्बु (समुद्री शेवाळ) आणि शिइताके (अळिंबी) यांचं पाणी करून द्यायला कुणी नाही म्हणत नाही, पण ऐनवेळी सांगितलं तर घरच्या बाईची पंचाईत होते.

आणि निघण्याआधी एक काम घरीच करा. रोजच्या वापरातली वाटी, ताटली, पेला घ्या. वजन करा. पाणी भरून मोजा. तुमच्या घरची आमटी वाटीत कुठवर येते, काठ किती जाड आहे, आजी ती कशी धरते आणि लहान मूल कशी धरतं, हे वहीत चित्रासकट लिहून ठेवा. माझ्याकडे ती वही नव्हती, म्हणून ते वीस वाडगे मला फोडावे लागले.