मुलांना छापील ओळीवर बोट ठेवायला आणि गोष्ट सांगायला कसं शिकवावं

हे साधारण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. एका पानावर एक, फार तर दोन ओळी, ठसठशीत अक्षर आणि शब्दांमध्ये मोकळी जागा असलेलं पुस्तक घ्या.

पहिलं वाचन फक्त गोष्टीसाठी. बोट नाही, प्रश्न नाहीत, "हे कोणतं अक्षर?" तर मुळीच नाही. वाघ गुहेच्या तोंडाशी आलेला असताना 'ग' ओळखायला लावलं, की मुलाच्या हातून गोष्टही जाते आणि 'ग'ही.

दुसऱ्या वेळी पुस्तक मुद्दाम उलटं हातात द्या. मूल ते सरळ करतं का? "मी कुठून वाचू?" म्हटल्यावर बोट चित्रावर ठेवतं की मजकुरावर? मुलाला छापील मजकुराची कितपत जाण आहे हे तपासणारी, न्यूझीलंडच्या वाचन-अभ्यासक मेरी क्ले यांची १९७२ सालची चाचणी अशाच साध्या प्रश्नांवर उभी आहे. ओळ डावीकडून उजवीकडे जाते आणि संपली की खालच्या ओळीच्या सुरुवातीला यायचं, हे तुमचं बोट फिरताना बघून आपोआप येतं.

खरी अडचण पुढे आहे: तोंडातला शब्द आणि बोटाखालचा शब्द एकच असणं. मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथे. ओळ आहे, 'मांजर झाडावर चढलं.' मुलाला ती पाठ असते. ते 'मां' म्हणताना पहिल्या शब्दावर बोट ठेवतं, 'ज'ला दुसऱ्यावर, 'र'ला तिसऱ्यावर. बोट ओळीच्या टोकाला पोचतं आणि झाड अजून यायचंच असतं. मूल उच्चाराच्या ठेक्यावर बोट टेकवतं. शब्द कुठे संपतो हे त्याला अजून दिसलेलं नसतं.

अशा वेळी बरेच जण मुलाचं बोट धरून ओढत नेतात. कृपा करून हे करू नका. त्यानं फक्त तुमचा हात शिकतो. "चुकलं"ही म्हणू नका. "बोट पोचलं, पण शब्द उरले का?" एवढंच विचारा आणि थांबा. मूल स्वतःच मागे येतं.

तरीही जमत नसेल, तर ओळ कागदाच्या पट्टीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि मुलासमोर शब्दांमधल्या जागेवर कापा. 'झाडावर' हा लांबलचक तुकडा हातात आला, की तो एकच शब्द आहे हे पटतं. तुकडे मिसळून पुन्हा ओळ लावू द्या, मग एकेका तुकड्यावर बोट ठेवून म्हणू द्या. 'वरची रेघ तुटली की शब्द संपला' हा नियम सांगू नका. ध, भ, थ यांच्या डोक्यावर रेघ तशीही तुटते. शब्दांमधली मोकळी जागाच दाखवा. पहिली वेलांटी, जोडाक्षरं यांना या टप्प्यावर हातही लावू नका. हे सगळं रोज पाच मिनिटं, एकाच ओळीवर. मूल कंटाळलं की पट्टी बाजूला.

गोष्ट सांगायला लावायची ती तीन-चार वाचनांनंतर. आधी चित्रं उलटत, मग पुस्तक मिटून. कोण होतं, कुठे होतं, काय अडलं, काय केलं, शेवटी काय झालं, एवढं आलं की पुरे. 'आणि मग, आणि मग' खुशाल चालू द्या. क्रम चुकला तर "त्याच्या आधी काय झालं?" विचारा. तात्पर्य मात्र विचारू नका. मूल गोष्ट विसरून तुम्हाला आवडेल ते उत्तर शोधू लागतं. ऐकणारा असा हवा, ज्यानं ती गोष्ट ऐकलेलीच नाही. सगळं ठाऊक असलेल्या माणसाला मूल नीट का सांगेल?

मुलानं शेवट बदलला तर विचारा, "पुस्तकातही असंच होतं का?" "नाही, हे माझं" असं उत्तर आलं तर गोष्ट पक्की कळली आहे. गोंधळून पानं चाळू लागलं तर उद्या पुन्हा एकदा वाचा, बोट न ठेवता.