सेंटर भरलेलं, गल्ला रिकामा: दिव्यांग मुलांचं थेरपी सेंटर चालवताना या चुका टाळा

दारात चपलांचा ढीग, फोनवर वेळ मागणारे पालक, आणि पाच तारखेला थेरपिस्टचा पगार द्यायला खात्यात पैसे नाहीत. सेंटर चालवणारे बहुतेक जण माझ्याकडं पहिल्यांदा येतात ते हीच तक्रार घेऊन. मी सांगलीत विश्रामबागेत लहान धंद्यांचे हिशेब लिहितो. किराणा दुकानं, हळदीचे अडते, दोन-तीन दवाखाने, आणि अलीकडं स्पीच थेरपी, फिजिओ, विशेष मुलांचं डे-केअर असली सेंटरं. अडत्याला तोटा कुठल्या पोत्यात झाला ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. सेंटरवाल्यांना सांगता येत नाही, कारण त्यांचा निम्मा तोटा वहीत चढलेलाच नसतो.

मुलं मोजली, तास मोजले नाहीत

"किती मुलं आहेत?" या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांकडं तयार असतं. "गेल्या महिन्यात थेरपिस्टचे किती तास विकले गेले?" म्हटलं की शांतता. तुमचा माल म्हणजे थेरपिस्टचा तास. तो भाजीपेक्षा नाशवंत आहे. अकराचं मूल आलं नाही तर तो तास बाराला परत विकता येत नाही.

एक उदाहरण मांडून बघू. एका थेरपिस्टचा पगार २५,००० रुपये. भाडं, वीज, मावशींचा पगार, साहित्य यांतला तिच्या वाट्याचा खर्च २३,०००. एकूण ४८,०००. महिन्याचे २६ दिवस, रोज ६ सेशन, म्हणजे १५६ सेशन. एका सेशनला खर्च पडला साधारण ३०८ रुपये. फी ४०० ठेवली, की कागदावर महिन्याला १४,४०० सुटतात. आता मूल आजारी पडतं, एसटी चुकते, घरात लग्न निघतं. शंभरातली सत्तर सेशन झाली असं धरा, म्हणजे १०९. तोच खर्च आता सेशनला ४४० रुपये पडतो, आणि ४०० रुपये फीवर महिन्याला ४,४०० खिशातून जातात. मुलांची संख्या तीच, चपलांचा ढीग तोच.

यावर उपाय दोन. एक, फी ठरवताना भरलेल्या वेळापत्रकावरून ठरवू नका, प्रत्यक्ष झालेल्या सेशनवरून ठरवा. पहिले तीन महिने रोज संध्याकाळी फक्त एवढंच लिहा: ठरलेली किती, झालेली किती. दोन, गैरहजेरीचा नियम प्रवेशाच्या दिवशीच कागदावर द्या. आदल्या दिवशी कळवलं तर सेशन पुढं ढकलू, न कळवता चुकवलं तर फी लागेल. तोंडी सांगितलेला नियम आपण स्वतःच दुसऱ्या आठवड्यात मोडतो. पालकांचा चेहरा बघून मोडतो, आणि त्यात माणूस म्हणून काही चूक नाही.

सवलत दिली, पण लिहिली नाही

माझ्या मते सेंटरं बुडवणारी सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती चांगुलपणातून होते. जतहून दोन बस बदलून येणारी आई, वडील मजूर, सेंटरच्या ताई म्हणतात, "राहू द्या, तुम्ही दोनशेच द्या." वहीत दोनशे जमा होतात. न घेतलेले दोनशे कुठंच नसतात. अशी सात-आठ मुलं झाली की महिन्याला दहा-पंधरा हजारांची रक्कम सेंटर देत असतं आणि ते कुणालाच ठाऊक नसतं, देणाऱ्यालाही नाही.

सवलत बंद करा असं मी कुणालाच सांगत नाही. एवढंच सांगतो की वहीत पूर्ण फी ४०० लिहा, शेजारी 'सवलत' या नावाचा रकाना करा आणि त्यात २०० लिहा. महिन्याअखेर त्या रकान्याची बेरीज दिसली की ठरवता येतं: महिन्याला आठ हजारांपर्यंत झेपतं, म्हणजे नवीन सवलत आता कुणाची मुदत संपेल तेव्हाच. सवलत सहा महिन्यांची द्या आणि मग परत बघा. एका ताईंनी ही बेरीज पहिल्यांदा बघितली आणि म्हणाल्या, "म्हणजे मी माझा पगार घेत नव्हते, तो इथं जात होता." खरंच तसं होतं. त्यांनी स्वतःच्या नावावर पगार टाकलाच नव्हता, ही आणखी एक चूक. मालकिणीचं काम फुकट धरलं की फी नेहमीच परवडल्यासारखी दिसते.

उधारी ही सवलतीची चुलत बहीण. "ऊस गेला की देतो" हे वाक्य आपल्याकडं खोटेपणानं बोललं जात नाही. पण उसाचं बिल १४ दिवसांत देण्याचा नियम कागदावर आहे, आणि पैसे प्रत्यक्षात कधी येतात ते शेतकऱ्याला विचारा. तेव्हा उधारीला तारीख आणि मर्यादा हवी. माझा ठोकताळा एका महिन्याच्या फीचा. त्यापुढं गेलं तर बोलून घ्या आणि ती रक्कम उधारीतून काढून सवलतीत टाका. जे येणार नाही ते येणं म्हणून वहीत मिरवू नये.

आगाऊ फी म्हणजे कमाई नव्हे

तासगावकडची द्राक्षं विकली गेली की मार्च-एप्रिलमध्ये एखादा बागायतदार वर्षाची फी एकदम देतो. ४८,००० रुपये हातात. त्यातून झोपाळा येतो, मऊ गाद्या येतात, भिंतीवर चित्रं येतात. दिवाळीनंतर त्याच मुलाची सेशनं चालू असतात आणि त्यांचे पैसे मेमध्येच संपलेले असतात. मध्येच कुटुंब पुण्याला गेलं तर परतावा कुठून द्यायचा?

बँकेत दुसरं खातं उघडा. आगाऊ फी तिथं ठेवा आणि दर महिन्याला ४,००० मुख्य खात्यात ओढा. परताव्याचा नियम पावतीवरच छापा. बाकी काही करायला लागत नाही.

जागा आधी घेतली, उतार नंतर आठवला

पूर बघितलेल्या सांगलीत जोतं उंच घेतात, ते शहाणपणाचंच आहे. पण चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं मान १:१२ धरतात. एक फूट चढायला बारा फूट लांबी. जोतं अडीच फूट असेल तर तीस फूट उतार लागतो, वळणाला सपाट जागा वेगळी. एवढी जागा समोर आहे का? नसेल तर मालक पार्किंग सोडणार आहे का? मी एकदा नवरा-बायकोंबरोबर टेप घेऊन जागा बघायला गेलो होतो. भाडं स्वस्त होतं, उतार मात्र सरळ शेजाऱ्याच्या तुळशीपर्यंत गेला असता.

उतार, रुंद दारं, पकडायच्या दांड्या बसवलेलं स्वच्छतागृह यांवर दीड-दोन लाख घालायचे आणि करार अकरा महिन्यांचा, हे तर करूच नका. तीन ते पाच वर्षांचा करार मागा, त्यात मालकानं मध्येच बाहेर काढू नये असं कलम घाला. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी बंधनकारक आहे, तीही करून टाका.

नोंदणीवरून आठवलं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार दिव्यांगांसाठीची संस्था नोंदणी प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही. लोक आधी भाडं सुरू करतात आणि मग कागद जमवतात. कागद जमेपर्यंतचं भाडं हा प्रकल्पाचा खर्च आहे, तो कर्जाच्या आराखड्यात आधीच धरा.

धंदा की संस्था, हे ठरवलंच नाही

एकल मालकी म्हणजे नफा तुमचा, कर तुमचा. ट्रस्ट म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी, आणि नफा विश्वस्तांनी वाटून घ्यायचा नाही. दोन्ही मार्ग चांगले आहेत. घोटाळा होतो तो मधल्या वाटेवर: सेंटर मालकीचं, पण वाढदिवसाला कुणी 'मुलांसाठी' अकरा हजार देतं आणि ते मालकाच्या खात्यात जमा होतात. देणाऱ्याला देणगीची करसवलत मिळत नाही आणि तुमच्या उत्पन्नात भर पडते. देणग्या घ्यायच्याच असतील तर त्यासाठीची संस्था रीतसर उभी करा. सरकारी अनुदानाच्या बहुतेक योजनाही नोंदणीकृत संस्थांसाठीच असतात, आणि अनुदान उशिरा येतं. त्याच्या भरवशावर पगार ठेवू नका.

वाढीव पावत्या

"मॅडम, कराला दाखवायचंय, जरा जास्तीची पावती द्या ना." असं कुणी म्हटलं तर त्यांना बसवून सांगा की तुम्हाला त्याची गरजच नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातलं ८०डीडी कलम अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी ठरावीक वजावट देत होतं: ७५,००० रुपये, आणि अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. खर्च झालेला असला की पुरे, किती झाला यावर रक्कम ठरत नव्हती. लागतं ते वैद्यकीय प्रमाणपत्र, आणि करदाता जुन्या करपद्धतीत असावा लागतो. खोट्या पावतीनं त्यांचा रुपया वाचत नाही आणि तुमचं उत्पन्न मात्र कागदावर फुगतं.

खऱ्या पावतीत मात्र कंजुषी नको. मुलाचं नाव, सेशनच्या तारखा, थेरपिस्टचं नाव आणि नोंदणी क्रमांक. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते. फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टची राज्याच्या परिषदेकडं. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं. तिथं पालक आधी खर्च करून मग दावा करतात. तुमची पावती अर्धवट असली की दावा अडकतो आणि पुढच्या महिन्याची फीही त्याच्यामागं अडकते.

जीएसटी आणि माणसं

आरोग्य सेवेला जीएसटीतून सूट आहे, म्हणून लोक निश्चिंत असतात. पण त्याच काउंटरवरून खुर्च्या, वॉकर, खेळणी विकायला लागलात की गणित बदलतं. २० लाखांची मर्यादा मोजताना सूट असलेली उलाढालही धरतात. थेरपीचे १९ लाख आणि विक्रीचे २ लाख झाले, तर त्या दोन लाखांपायी नोंदणी करावी लागते. वाहतूक, डे-केअर, घरी मदतनीस पाठवणं हे सगळं 'थेरपी' या एकाच नावाखाली बिलात घालू नका. वेगवेगळे रकाने ठेवा आणि कशाला सूट लागू आहे ते सल्लागाराकडून लिहून घ्या.

विक्रीबद्दल एक सल्ला फुकट. साहित्याचा साठा करू नका. केंद्राच्या एडिप योजनेतून शिबिरांत साहित्य मोफत मिळतं. शिबिराची तारीख लागली की तुमच्या चार खुर्च्या वर्षभर कोपऱ्यात उभ्या राहतात. मागणी आली की मागवा.

माणसांच्या बाबतीत दहावा माणूस लक्षात ठेवा. मावशी आणि गाडीचा ड्रायव्हर धरून दहा झाले की कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) लागू होते; २१,००० पर्यंत पगार असलेल्यांच्या पगारावर मालकाचा वाटा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५. भविष्य निर्वाह निधीसाठी आकडा २० आहे. व्यवसाय कर मात्र पहिल्या पगारापासून बघायचा. महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो नाही, त्यामुळं बऱ्याच सेंटरांत कपात शून्य येते.

अनुदान बघून गाव निवडलं

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सेवा व्यवसायाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. महिला, दिव्यांग अशा विशेष गटाला शहरात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान. हे दहा टक्के वाचून एकांनी सेंटर शहराबाहेर हलवायचं ठरवलं होतं. मी त्यांना फक्त विचारलं, मिरजेहून मुलाला उचलून आणणारी आई तिथं कुठल्या बसनं येणार? ते थांबले.

दुसरं, हे अनुदान हातात पडत नाही. बँक ते तीन वर्षं ठेव म्हणून बाजूला ठेवते आणि नंतर कर्जात वळतं करते. हप्ता ठरवताना त्या पैशाची आशा धरू नका. पहिले सहा महिने निम्मीच सेशनं भरतील असं धरून हप्ता झेपतो का ते बघा.

मे आणि जुलै-ऑगस्ट

मेमध्ये मुलं आजोळी जातात, दिवाळीत दोन आठवडे जातात. पगार आणि भाडं कुठं जात नाही. आणि सांगलीत जुलै-ऑगस्ट वेगळे धरावे लागतात. २००५, २०१९, २०२१ चे पूर. ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. तीन महिन्यांचे पगार आणि भाडं एवढी रक्कम मुदत ठेवीत असल्याशिवाय दुसरी शाखा, दुसरी गाडी, काही काढू नका. एकदम जमत नसेल तर दर महिन्याच्या जमेतले पाच टक्के पहिल्या तारखेलाच बाजूला काढा.

साहित्याचा आणि इमारतीतल्या कामाचा विमा उतरवताना पॉलिसीत पूर धरलाय का ते स्वतः वाचा. खरेदीची बिलं आणि साहित्याचे फोटो सेंटरच्या कपाटात ठेवू नका, मेलवर टाका; २०१९ नंतर दाव्याला लागणारी बिलंच पाण्यात गेलेली माणसं माझ्यासमोर बसली आहेत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. सेंटर नदीच्या बाजूला असेल तर चाळिशीच्या आधीच वह्या, लॅपटॉप आणि खालच्या गाद्या माडीवर गेल्या पाहिजेत, आणि पालकांना पाठवायचा निरोप आधीच लिहून ठेवलेला असावा: सेंटर बंद असेपर्यंतची फी पुढच्या महिन्यात वळती होईल, फोनवरून घरचे व्यायाम चालू राहतील.

एका वहीत मी नुसता एक रकाना बघतो, 'पूर'. ताईंनी तिथं २०१९ साली बुडालेली सेशनं एकेक करून लिहून ठेवली आहेत. त्या बेरजेवरूनच त्यांनी ठेवीची रक्कम ठरवली.