रायझोबियमने हरभरा वाढतो का? शेतातच शास्त्रीय पद्धतीने तपासा

अर्ध्या शेतात रायझोबियम (बियाण्याला चोळायचं, हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारं जिवाणू खत) लावलं, अर्ध्यात नाही आणि लावलेल्या बाजूला पीक जास्त आलं, तर ते संशोधन नव्हे. ती बाजू मुळातच कसदार असू शकते.

आधी प्रश्न नेमका लिहा: दाण्याचं वजन वाढतं का? कोणता निकाल आला तर ‘फायदा नाही’ म्हणायचं, तेही पेरणीपूर्वीच लिहा. नंतर ठरवलं की माणूस हमखास सोयीचं ठरवतो.

४ बाय ३ मीटरचे दहा वाफे, पाच जोड्यांत आखा. जोडीतले दोन्ही वाफे उताराच्या एकाच पातळीवर हवेत. कोणत्या वाफ्यात रायझोबियम, हे प्रत्येक जोडीसाठी नाणं उडवून ठरवा. नजरेने निवडलंत तर चांगली जमीन नकळत लाडक्या वाफ्याला जाते.

रायझोबियम गुळाच्या पाण्यात लावत असाल (१० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम), तर दुसऱ्या बियाण्यालाही नुसतं गुळाचं पाणी चोळा. बिनरायझोबियमचे वाफे आधी पेरा, नाहीतर हातावरचे जिवाणू तिकडेही जातात. वाफ्यांमध्ये बांध घाला. खत, पाणी, पेरणीचं अंतर सगळीकडे सारखं.

काढणीत कडेच्या ओळी सोडा. त्यांना ऊन-वारा जास्त मिळतो. दाणे सारखे वाळवून, वाफ्याचा फक्त क्रमांक ठाऊक असलेल्या माणसाकडून तोलून घ्या.

पाचही जोड्यांत रायझोबियम सरस ठरण्याची निव्वळ योगायोगाने शक्यता ३२ मध्ये १. तीनच जोड्यांत सरस असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही. न पटणारे आकडे वहीतून खोडू नका, पुढच्या रब्बीत प्रयोग पुन्हा लावा.